लॅम्ब होमची पत्र्याची झोपडी आणि मोएनाचा रंगारी

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी या बेटसमूहाला जाणारे बहुतेक प्रवासी स्कारा ब्रे येथील पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी घरे पाहण्यासाठी जातात. ती मीही पाहिली, तिथले मुख्य गाव कर्कवॉल, त्यातले तांबड्या दगडातले सेंट मॅग्नस कॅथेड्रलही पाहिले. परंतु त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते लॅम्ब होम नावाच्या चिमुकल्या बेटावर उभ्या असलेल्या पत्र्याच्या दोन झोपड्यांविषयी, आणि त्याहून अधिक त्या आतून रंगवणाऱ्या माणसाविषयी.

कर्कवॉलहून सेंट मार्गरेट्स होपला जाणारी बस बेटाबेटांमधल्या बांधांवरून जाते. रस्त्याच्या एका बाजूला उत्तर समुद्र खवळलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला स्कापा फ्लो या बेटांनी वेढलेल्या, महायुद्धात ब्रिटिश आरमाराचा तळ असलेल्या खाडीचे पाणी बरेचसे शांत असते. मधूनच पूर्वी वाट अडवण्यासाठी बुडवलेल्या जहाजांचे गंजलेले सांगाडे पाण्याबाहेर डोकावतात. ही जहाजे बुडवूनही १४ ऑक्टोबर १९३९ रोजी यू-४७ ही जर्मन पाणबुडी त्यांच्यामधल्या फटीतून आत शिरली आणि तिने ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. ८०० हून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. त्यानंतर या वाटा कायमच्या बंद करण्यासाठी चर्चिल यांच्या आदेशाने चार बांध घालण्याचे काम सुरू झाले. आधी तारेच्या जाळ्यांत दगड भरून ते समुद्रात सोडले गेले आणि त्यांच्यावर पाच व दहा टनांचे सुमारे ६६,००० काँक्रीटचे ठोकळे रचले गेले. एवढ्या कामाला माणसे कमी पडली, म्हणून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन युद्धकैदी येथे आणण्यात आले. कैद्यांकडून युद्धाचे काम करून घेणे जिनिव्हा कराराच्या विरुद्ध असल्याचे सांगून त्यांनी संप केला. तेव्हा हे बांध बेटांना जोडणारे रस्ते आहेत, अशी समजूत घालून काम पुन्हा सुरू करण्यात आले. विशेष म्हणजे आज ते खरोखर केवळ रस्तेच उरले आहेत, आणि मीही त्यांच्यावरूनच आलो होतो.

लॅम्ब होमवरील छावणीचा क्रमांक ६० होता आणि तिच्यात सुमारे ५५० कैदी होते. प्रार्थनेसाठी जागा हवी, ही त्यांची मागणी छावणीप्रमुखाने मान्य केली आणि १९४३ च्या अखेरीस दोन निसन झोपड्या टोकाला टोक जोडून त्यांना देण्यात आल्या. त्यांचेच कैद्यांनी चॅपल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, केले. निसन झोपडी म्हणजे पन्हळी पत्रा अर्धवर्तुळात वाकवून केलेले लष्करी निवाऱ्याचे बांधकाम. तिच्यात सौंदर्य शोधायला जावे असे काहीही नसते.

मी पोहोचलो त्या दिवशी कर्कवॉल बंदरात एक मोठे पर्यटक जहाज लागले होते. चॅपलच्या दाराशी बसगाड्यांची रांग होती आणि आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. गर्दीचा मला मनापासून त्रास होतो आणि तो मी लपवत नाही. परंतु त्याहून अधिक त्रास झाला तो एका मार्गदर्शकाच्या निवेदनाचा. ‘बंदिवासातील चमत्कार’ हे शब्द तिने इतक्या वेळा उच्चारले की शेवटी मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. बोचऱ्या वाऱ्यात मी कुडकुडत असलेला पाहून तिथल्या देखभाल करणाऱ्या वयस्कर बाईंनी गाड्या निघून जाईपर्यंत थांबा, असे सुचवले आणि आतल्या खोलीतून स्वतःच्या थर्मासमधला चहा आणून दिला. ऑर्कनीच्या लोकांचे आतिथ्य असेच आहे. ते फार बोलत नाहीत, पण आपल्याला काय हवे ते ओळखतात.

गाड्या गेल्यावर मी पुन्हा आत गेलो. भिंतीच्या विटा, त्यांच्यामधल्या चुन्याच्या रेषा, खालच्या पट्टीवरचे दगडातले कोरीवकाम पाहत पुढे जाताना मी त्या कोरीवकामावरून हात फिरवला, आणि हाताला काहीच लागले नाही. ती गुळगुळीत सपाट भिंत होती. वीट नाही, चुना नाही, दगड नाही. पत्र्याच्या आतून प्लास्टरबोर्ड ठोकलेला आणि त्याच्यावर केवळ रंग. प्रत्येक विटेच्या एका कडेला सावली आणि दुसऱ्या कडेला उजेड दिला होता, आणि सगळ्या सावल्या एकाच दिशेने पडत होत्या. मी कितीतरी वेळ तिथेच उभा राहिलो. चमत्कार हा शब्द मला त्याच क्षणी अपुरा वाटला, कारण तो शब्द वापरला की काम करणारा माणूस नाहीसा होतो. इथे मला दिसत होते ते हातात मुरलेले, शिकून घेतलेले, रोज करून पक्के झालेले रंगाऱ्याचे कसब.

तो रंगारी म्हणजे दोमेनिको किओकेत्ती. त्यांचा जन्म १९१० चा, गाव इटलीच्या उत्तरेकडील डोलोमाइट पर्वतरांगांतले मोएना. ते तोफखान्यात होते आणि उत्तर आफ्रिकेत पकडले गेले. वेदीमागे त्यांनी जी माता मेरी रंगवली आहे, तिचा आधार म्हणजे इटालियन चित्रकार निकोलो बाराबिनो यांच्या चित्राची एक छोटीशी प्रत. ती त्यांच्या आईने दिली होती आणि लढाईभर ती त्यांच्या खिशात होती. त्यांच्या सोबत्यांची नावेही घेतलीच पाहिजेत. बुत्तापास्ता सिमेंटकाम करणारे. वेदी त्यांनी काँक्रीटची केली. पालुंबी लोहार, वेदीपुढची नाजूक लोखंडी जाळी घडवायला त्यांना चार महिने लागले. दर्शनी भिंतीवरचे ख्रिस्ताचे मुख पेनिसी यांनी लाल मातीत घडवले. लटकणारे दिवे मांसाच्या रिकाम्या डब्यांच्या पत्र्यातून आणि लाकूडकाम बुडालेल्या जहाजाच्या लाकडातून केलेले आहे. ही सगळी बांधकामावरची माणसे होती. त्यांना धर्म होता, घराची ओढ होती, हे खरेच. पण त्याआधी त्यांना आपापले काम येत होते. सप्टेंबर १९४४ मध्ये बाकीचे कैदी बेट सोडून गेले, तेव्हा बाप्तिस्म्याच्या पाण्याचे पात्र पूर्ण करण्यासाठी किओकेत्ती मागे राहिले. सुटका जवळ आलेली असताना काम अर्धवट टाकवत नाही, ही गोष्ट ज्याने कधी हाताने काही घडवले आहे त्याला समजावून सांगावी लागत नाही.

मार्गदर्शकाची गोष्ट इथेच संपली होती. परंतु किओकेत्ती त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगले. ते मोएनाला परतले, संसार केला, मुले वाढवली आणि पुन्हा रंग-कुंचलाच हाती घेतला. डोंगरातल्या एका लहान गावातला रंगारी, ही त्यांची उरलेली ओळख. ही ओळख सांगताना लोकांच्या आवाजात किंचित हळहळ येते, जणू एवढे मोठे काम केलेल्या माणसाने पुढे रोमला जाऊन नामांकित चित्रकार व्हायला हवे होते. मला ती हळहळ पटत नाही. महायुद्धात साताऱ्या-रत्नागिरीकडचे आपलेही असंख्य लोक त्याच आफ्रिकेत आणि पुढे इटलीत लढले, आणि परत येऊन कोणी सुतारकाम केले, कोणी शिवणयंत्र मांडले, कोणी दुकान टाकले. त्यांच्या आयुष्याचा हा मोठा भाग आपणही ‘मग ते गावी परतले’ एवढ्या एका वाक्यात गुंडाळून टाकतो. सैनिक म्हणून त्यांची वर्षे पाच-सहा, कारागीर म्हणून चाळीस. कोणती अधिक त्यांची स्वतःची होती, हे ठरवणे कठीण नाही, कारण पहिली त्यांना हुकमाने मिळाली होती आणि दुसरी त्यांनी स्वतः उभी केली होती.

छावणीची बाकीची बांधकामे पाडण्यात आली. चॅपल तेवढे वाचले. पण पत्रा, प्लास्टरबोर्ड आणि खारा वारा यांचे जमत नाही. १९५८ मध्ये बेटावरील लोकांनी जतनासाठी समिती स्थापन केली आणि १९६० मध्ये बीबीसीच्या साहाय्याने किओकेत्ती यांना पुन्हा ऑर्कनीला बोलावण्यात आले. तीन आठवडे राहून त्यांनी पोपडे आलेला, फिकट पडलेला रंग दुरुस्त केला. या भेटीविषयी मला सर्वांत अधिक काय आवडते, तर बंदिवान म्हणून जिथे त्यांना आणले होते तिथे ते भाषण करायला आले नाहीत, तर डागडुजी करायला आले. निघताना त्यांनी बेटवासीयांना पत्र लिहून चॅपल त्यांच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये ते पत्नीसह पुन्हा आले आणि क्रूसाच्या वाटेचे, म्हणजे ख्रिस्ताच्या अखेरच्या प्रवासातले प्रसंग दाखवणारे, चौदा लाकडी फलक भेट देऊन गेले. १९९२ मध्ये जुने कैदी एकत्र आले, तेव्हा प्रकृतीमुळे त्यांना प्रवास झेपला नाही. १९९९ मध्ये ते मोएनातच वारले. ऑर्कनीच्या लोकांनी चॅपलमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थनासभा घेतली आणि तिला त्यांचे कुटुंबीय आले होते.

त्या चौदा फलकांपैकी तीन २०१४ मध्ये चोरीला गेले, हे वाचून मला संताप आला, आणि तो अजून कमी झालेला नाही. जाणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, आणि ही विनंतीपेक्षा तक्रारच अधिक आहे: बंदरात जहाज लागलेल्या दिवशी जाऊ नका, दहा मिनिटांत बाहेर पडू नका आणि छताचे छायाचित्र घेण्याआधी दाराजवळच्या खालच्या पट्टीतल्या विटा पाहा. वर देवदूत आहेत, तिकडे सगळ्यांचे लक्ष जातेच. जिथे कोणी पाहणार नाही अशा कोपऱ्यातही सावली त्याच काळजीने दिलेली आहे.