आमची वाटचाल : ‘नाशिक’ लिहिणं वाटतं तेवढं सोपं नाही

‘नाशिक’ हा शब्द ब्रशनं लिहायला घ्या. ‘न’ची उभी रेघ, तिला लागून काना, त्याला लागून वेलांटीची रेघ. तीन काठ्या ओळीनं उभ्या, आणि मग कुठे ‘श’ सुरू होतो. कॉम्प्युटरवर टाइप केलं की या तीन काठ्या कुंपणासारख्या दिसतात. हातानं लिहिणारा काना आणि वेलांटीमध्ये अर्धं बोट जागा जास्त सोडतो आणि वेलांटीची टोपी ‘श’च्या डोक्यावर नीट ओढून घेतो. तीस वर्षांवर झाली, दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द लिहितोय. अजून पहिल्या हाताला मनासारखा येत नाही.

मुलगा म्हणाला, “बाबा, दुकानाची वाटचाल लिहायची तर स्थापना, मशिनरी, व्हिजन असं लिहायचं असतं.” व्हिजन मला चष्म्याच्या दुकानातलं तेवढं माहीत आहे. म्हणून मीच लिहायला बसलो.

मी ब्रश धरला तो भद्रकालीतल्या एका उस्तादांकडे. पहिले सहा महिने फक्त ब्रश धुवायचे आणि फरशीवर पाण्यानं अक्षरं काढायची. पाणी वाळायच्या आत शब्द पूर्ण झाला पाहिजे. १९९१ चा सिंहस्थ आला आणि तपोवनात साधुग्रामच्या पाट्यांचं काम निघालं. आखाड्यांची नावं, खालशांची (साधूंच्या गटांची) नावं, ‘पाणी पिण्याचे’, ‘चप्पल येथे काढावी’. रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात मी आणि माझ्याबरोबरचा एक पोरगा पाट्या ओढायचो. त्या पैशांतून पुढे आम्ही दोघांनी शालिमार चौकाच्या मागच्या अंगाला, कालिदास कलामंदिर या नाट्यगृहापासून चालत पाच मिनिटांवर, नऊ बाय अकराचा गाळा घेतला. आमच्या स्वतःच्या गाळ्याला पाच वर्षं बोर्ड नव्हता. पेंटरच्या दुकानाला बोर्ड नसतोच. शिंप्याच्या सदऱ्याला बटण नसतं, तसं.

हत्यारं म्हणाल तर पाऊण इंची चपटा ब्रश, सहा नंबरचा सेबल (मऊ केसांचा ब्रश), बारीक रेघेचा लायनर, आणि हात टेकायची काठी. काठीच्या टोकाला कापसाची गुंडी बांधून वर चिंधी, म्हणजे ओल्या रंगावर टेकली तरी डाग पडत नाही. निळीचा दोरा दोन खिळ्यांत ताणून फटकारला की शिरोरेषेची ओळ उमटते. एकच डिझाइन दहा दुकानांना असेल तर कागदाला टाचणीनं भोकं पाडून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. वकीलवाडीतल्या वकिलांच्या पाट्यांना सोनेरी वर्ख लागायचा. तेव्हा पंखा बंद, तोंड बंद. एक शिंक आली की वकिलाच्या पदवीतलं अर्धं अक्षर शेजारच्या डब्यात. पावसाळ्यात इनॅमल तीन-तीन दिवस वाळत नाही. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला मी अजूनही बोट लावून बघायला सांगतो.

१९९३ ते २००३ ही दहा वर्षं चांगली गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

२००३ च्या सिंहस्थात नाशकात बाहेरून छापून आलेले फ्लेक्स दिसले. सहा बाय तीनचा कापडी बॅनर आम्ही अख्खी दुपार घालून करायचो. फ्लेक्सचं मशीन तोच दहा मिनिटांत ओकायचं, वर नेत्याचा फोटो फुकट. भागीदार म्हणाला, मशीन घेऊ. मी म्हणालो, उन्हात त्याचा रंग दोन वर्षांत उडतो. तो म्हणाला, “अरे, लोकांना वाढदिवसापुरता दोन दिवसच पाहिजे असतो.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, पण ते त्याला ऐकवायची वेळ गेली.

२००५ च्या दिवाळीनंतर तो वेगळा झाला. वेगळं होण्याचं दुःख नाही. पण जाताना त्यानं लाल वही नेली. या धंद्यात नसलेल्यांना वाटेल, वही ती काय! मेनरोड, रविवार कारंजा, दहीपूल, कानडे मारुती लेन या पट्ट्यातल्या प्रत्येक दुकानाच्या बोर्डाचं माप त्या वहीत होतं. लांबी, उंची, पत्रा किती गेजचा, खिळे भिंतीत की लाकडात, शटर कुठवर उघडतं. वही असली की पुन्हा शिडी लावावी लागत नाही, फोनवर भाव सांगता येतो. सगळी मापं माझ्या अक्षरातली. त्यानं अर्ध्या किलोमीटरवर मशीन टाकलं आणि माझ्या मापांवर माझ्या गिऱ्हाइकांना माझ्या निम्म्या भावात फ्लेक्स दिले. वर्षभरानं एक पोरगा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वही परत देऊन गेला. झेरॉक्स काढताना शिवण उसवलेली होती, ती त्यानं नव्यानं शिवून दिली होती. त्या नव्या शिवणीचाच मला जास्त राग आला.

नवीन मुलांना सांगतो, भागीदारी करा, पण मापांची वही रात्री घरी न्या.

त्यानंतर २००८ चा सप्टेंबरचा पूर. गोदावरीचं पाणी कुठवर आलं हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. त्या वेळी मारुती बुडून पाणी सराफ बाजारात शिरलं होतं. फ्लेक्स फाटून वाहून गेले. आमचे जुने पत्र्याचे बोर्ड गाळाखाली राहिले, ते धुऊन, रेड ऑक्साइड मारून, पुन्हा लिहून आमचं वर्ष निघालं. पुराचे आभार मानू नयेत हे कळतं.

आता खरं सांगायचं ते २०१७ ते २०१९ चं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. १२२ जागा, म्हणजे उमेदवार किती आणि बॅनर किती याचा हिशेब करा. तोवर मीही शहाणा होऊन कर्ज काढून राउटर मशीन घेतलं होतं, ॲक्रिलिकची आणि एसीपीची (ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेल्या शीटची) अक्षरं कापायला. महिना अठ्ठावीस हजार हप्ता. निवडणुकीत उधारीवर काम केलं. निवडून आलेले भेटेनात आणि पडलेले फोन उचलेनात. (उमेदवाराला उधार देऊ नका. सख्खा मेहुणा असला तरी.) त्याच वर्षी कालिदास कलामंदिर नूतनीकरणासाठी बंद झालं. ते व्हायलाच हवं होतं, खुर्च्या आणि एसीची काय दशा होती ते आम्ही रोज बघत होतो. पण कालिदास बंद म्हणजे बाहेरच्या नाटकांचे दौरे कमी, दर्शनी बोर्ड नाहीत, सेटची डागडुजी नाही, आणि प्रयोगाआधी गल्लीत चहा प्यायला येणारी, येता-येता घरच्या पाटीची चौकशी करणारी माणसंही नाहीत. २०१८ मध्ये ते नव्या रूपात उघडलं, तोवर माझं कंबरडं मोडलेलं होतं.

कारण मधल्या काळात आमची गल्ली खोदली गेली. शहरात तेव्हा सगळीकडे ‘स्मार्ट’ हाच शब्द होता. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडची चर्चा पानाच्या टपरीवरसुद्धा चालायची. आमची गल्ली त्यात नव्हती. आमचं खोदकाम दुसऱ्याच कसल्याशा पाइपासाठी होतं, आणि ते कुणाचं हे शेवटपर्यंत प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “काका, पंधरा दिवस.” झाले चौदा महिने. शटरसमोर चार फूट खोल चर, त्यात पावसाचं पाणी आणि कुणाची तरी एक चप्पल.

आठ बाय चारच्या एसीपी शीटचा टेम्पो आत येईना. शीट शालिमारपासून डोक्यावर आणायची. एका दुपारी वारा सुटला, शीट शिडासारखी फिरली आणि मुलाचा तळवा फाटला. सहा टाके. तो तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. हातावर रुमाल गुंडाळून म्हणाला, “बाबा, शीटला काही नाही झालं.” त्या दिवशीच्या वहीत जमा बाजूला एकच नोंद आहे : स्कूटर नंबरप्लेट, १२० रुपये. पुढे तीही गेली, कारण १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट कंपनीकडूनच येऊ लागली. निर्णय बरोबर असेल, पण गावोगावच्या पेंटरचं रोजचं दूध-भाजीपाला त्या प्लेटांवर चालायचं, हे कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

दोन हप्ते थकले. बँकेचा माणूस चरापलीकडून हाका मारायचा, बुटांमुळे अलीकडे येत नसे. तेवढा एक फायदा.

आणि अण्णा आले. अण्णा म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, हौशी नाटकाचं वेड असलेले आमचे जुने गिऱ्हाईक. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी यांचं नाटक, आणि दरवर्षी बोर्ड आमचाच. हातानं रंगवलेला, पत्र्यावर. फ्लेक्सला ते ‘ताडपत्री’ म्हणायचे. पैसे तीन हप्त्यांत द्यायचे आणि तिसरा हप्ता मागावा लागायचा, हेही लिहायला हवं. त्या दिवशी लुना चरापलीकडे लावून ते उभे होते. वय पंच्याहत्तर. मी म्हणालो, “अण्णा, मीच येतो तिकडे.” ते ऐकेनात. बांधकामाची एक फळी ओढून त्यांनी चरावर टाकली, छत्री आडवी धरून डोंबाऱ्यासारखे अलीकडे आले, स्टुलावर बसले आणि धाप लागलेली असतानाच म्हणाले, “कालिदास बंद असलं म्हणून काय झालं? सावानाचं सायखेडकर नाट्यगृह आहे ना? बोर्ड लागेल.”

सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४० चं. त्याच्या नाट्यगृहात आमचे किती बोर्ड लागले याची मोजदाद नाही. पण त्या वर्षीच्या बोर्डासाठी अण्णांनी पहिल्यांदाच सगळे पैसे आगाऊ दिले. पाच हजार, पाकिटात, वर पेनानं ‘रंग’ लिहिलेलं. काम होतं तीन हजारांचं. मी म्हणालो, जास्त आहेत. ते म्हणाले, “मग अजून एक बोर्ड कर. तुझ्या दुकानाचा. चराच्या पलीकडे लाव, म्हणजे दुकान चालू आहे हे तरी कळेल.”

तो बोर्ड मी त्याच रात्री केला. पिवळ्या जमिनीवर काळी अक्षरं, ‘दुकान चालू आहे, फळीवरून या’. लोक त्याचा फोटो काढायला थांबायचे. थांबलेल्यांतले काही फळीवरून आतही आले. त्यातून हप्ता निघाला असं म्हणणं खोटं ठरेल. तो निघाला बायकोच्या पाटल्यांतून. पण दुकान बंद करायचा विचार त्या बोर्डानं लांबवला, आणि लांबलेला विचार मागेच पडला. अण्णा २०२० मध्ये गेले. लॉकडाउन होता, शेवटचं दर्शनही झालं नाही.

८ जुलै २०२१ ला सिटीलिंक सुरू झाली. त्याआधी शहर बस एसटीची. तिच्या पाट्या डेपोतले पेंटर लिहायचे, ते उस्तादांचे दोस्त. नव्या बसच्या कपाळावर एलईडी आहे, ठिपक्यांत ‘नाशिक’ येतं आणि सरकत निघून जातं. तिथे आमचं काम नाही, पण सिडको, सातपूर, नाशिकरोडचं गिऱ्हाईक आता पार्किंग शोधत न बसता बसनं येतं, आणि बसनं आलेल्या माणसाला घाई नसते. तो नमुने बघतो. मध्य शहरातल्या दुकानदारांनी दारात गाडी लागत नाही म्हणून रडण्यापेक्षा थांब्यावरून दिसेल असा बोर्ड करावा. अक्षर किमान सहा इंच.

त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो निओला २०९२ कोटी जाहीर झाले होते. रबरी टायरची, वरच्या तारेवर चालणारी गाडी, गंगापूर ते नाशिकरोड. आठवड्याभरात एका बिल्डरनं माझ्याकडून ‘मेट्रो स्टेशनपासून २ मिनिटे’ असं करून घेतलं. दोन वर्षांनी ‘मेट्रो’वर पट्टी मारून ‘बस’ लिहून घेतलं. दोन्ही वेळचे पैसे रोख मिळाले, माझी काही तक्रार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये ९४ वं साहित्य संमेलन इथे भरलं, आडगावला, कुसुमाग्रज नगरीत. मोठी छपाई अर्थातच मोठ्यांकडे. आमच्या वाट्याला पुस्तकाच्या चार गाळ्यांच्या पाट्या आल्या, आणि त्या मी स्वतः लिहिल्या. नंतर मराठी पाट्यांचा नियम आला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा रांगा लागल्या. लोक फोनवर इंग्रजी नाव सांगून म्हणायचे, याचं मराठी करा. ‘फॅशन’चा ‘फ्याशन’, ‘ज्वेलर्स’चा ‘जेव्लर्स’ मोबाइलवरून पाठवायचे. माझी विनंती अजूनही तीच : मजकूर कागदावर लिहून आणा, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो, त्याचे पैसे घेत नाही.

आज राउटर मुलगा चालवतो. त्यानं ‘नाशिक’च्या तीन काठ्यांमधलं अंतर फाइलमध्ये बसवून ठेवलंय, वेलांटी ‘श’कडे सरकवून. मी मान्य केलं नाही, पण बरं दिसतं. कॉलेज रोडवरची कॅफेवाली पोरं आता हातानं रंगवलेली भिंत मागतात आणि फ्लेक्सच्या चौपट पैसे देतात. भागीदाराचं मशीन गंजलंय म्हणे. मिसळीच्या टेबलावर भेटतो कधीकधी. वहीचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही, पण बिल मात्र दर वेळी तोच देतो.

परवा सकाळी शटर उघडलं तर गल्लीत चुन्याच्या खुणा. सिंहस्थाच्या आधीची कामं म्हणाले. किती दिवस, तर पंधरा दिवस. अण्णांची फळी मी टाकलेली नाही, माळ्यावर आहे. मुलाला ती खाली काढून ठेवायला सांगितलं, आणि पिवळ्या रंगाचा डबा उघडून बघितला. वर साय धरलीय, खाली रंग चांगला आहे.