अकराच्या ठोक्याआधी

रिमेम्ब्रन्स संडे म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा रविवार, ब्रिटनमध्ये युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातल्या खेड्यांत त्याची लगबग आदल्या संध्याकाळी चर्चच्या मनोऱ्यात सुरू व्हायची. प्रत्येक घंटेच्या लोलकाला एकाच बाजूने कातड्याची गादी बांधायची. त्यामुळे एक टोला खणखणीत पडतो आणि पुढचा दबका, लांबून आल्यासारखा. बांधताना घंटा तोंड खाली करून स्थिर असलीच पाहिजे. तोंड वर करून उभी ठेवलेली घंटा सुटली, तर हात गेलाच म्हणून समजा. पट्टा सैल राहिला तर वाजवता वाजवता गादी फिरते आणि दबका टोलाही खणखणीत पडायला लागतो.

खाली आवारात युद्धस्मारकाचा चुनखडी दगडाचा क्रूस, त्यावर पडलेल्यांची नावं. कार्यक्रम जवळ आला की एखादा उत्साही माणूस तारेचा ब्रश नाही तर पाण्याचा प्रेशरवाला पंप घेऊन हजर व्हायचा. त्याला आवरणं हे एक कामच होतं. साधं पाणी आणि मऊ ब्रश एवढंच या दगडाला चालतं, तेही गारठा पडायच्या आत. ओल मुरून गोठली की पापुद्रे सुटतात. शिसं ठोकून बसवलेली अक्षरं असतील तर तीही निखळतात, आणि नावं अर्धवट दिसायला लागतात.

सकाळी ओली पानं झाडून झाली की पावणेअकरापर्यंत सगळे क्रूसाभोवती जमायचे. खरी कसरत वेळेची. ‘लास्ट पोस्ट’ ही बिगुलाची धून वाजायला साधारण सव्वा मिनिट लागतं, म्हणजे बिगुल 10:58 नंतर अर्ध्या मिनिटाने सुरू व्हायला हवा. बिगुलाला कळा नसतात, सगळा सूर ओठांवर; त्यात थंडीने धातू गार पडला की सूर उतरतो. जाणता वादक शेवटपर्यंत मुखनळी मुठीत धरून ऊबदार ठेवायचा. मनोऱ्यातल्या घड्याळावर कोणी विसंबत नसे. ते मिनिटभर मागे असलं, तर अकराचे ठोके नेमके स्तब्धतेच्या मध्यात पडायचे! म्हणून एकाच्या मनगटावर रेडिओशी लावलेलं घड्याळ असे, आणि त्याची मान हलली की बिगुल.

बिगुलाबरोबर माजी सैनिकांचे ध्वज सावकाश खाली झुकायचे. भिजलेला ध्वज सरळ धरणं म्हणजे खांद्याची परीक्षाच. मग दोन मिनिटं स्तब्धता. ही प्रथा 11 नोव्हेंबर 1919 ची, पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाच्या पहिल्या वर्षदिनाची. एखादं कुत्रं भुंकायचं, एखादं तान्हं रडायचं. कोणी वळून बघत नसे.

नावं बहुतेक ठिकाणी आडनावांच्या क्रमाने वाचतात, हुद्दा न लावता. वाचणाऱ्याने घाई केली की सगळं बिघडतं. एकच आडनाव लागोपाठ तीनदा आलं, तर तिन्ही वेळा तेवढंच थांबायचं. भाऊ असतील, चुलतभाऊ असतील. आपल्याकडे सातारा-रत्नागिरीच्या काही गावांत त्याच महायुद्धाच्या पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. फक्त आकडे. वर्षातून एकदा मोठ्याने वाचायला नाव हवं, हे त्या पाटीसमोर फार जाणवतं.

शेवटी कोहिमाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या स्मारकावरच्या ओळी म्हटल्या जायच्या, हो, आपल्या नागालँडमधल्याच. मग पुष्पचक्रं, आणि त्यानंतर हॉलमध्ये दूध घातलेला कडक चहा. पुष्पचक्रं टेकवताना तार दगडाला लागू द्यायची नाही. महिनाभरात गंज उतरतो, आणि तो डाग मऊ ब्रशने निघत नाही.