चांदणीची लीद

घोडीच्या शेपटीकडे बघत रात्र काढणं हेही आमचं, घोड्यांच्या डॉक्टरांचं, काम असतं, हे लोकांना सांगितलं की ते हसतात. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी ते माथेरानला केलं. घोडी वाचली, आता सवारीलाही जाते. पण त्या रात्रीचा एक हिशेब मला अजून लागलेला नाही, म्हणून लिहायला बसलेय.

रात्री साडेनऊला चांदणीच्या मालकांचा, मामांचा, फोन आला. "ताई, चांदणी सारखी लोळतेय. पोटाकडं बघते, उठते, परत बसते. कुरकुरी झालीय." कुरकुरी म्हणजे घोड्याचा पोटशूळ. शब्द चांगला आहे, फक्त फसवा आहे. त्यात आवाज आहे, आणि घोड्याच्या पोटात खरी भीती असते ती आवाज थांबल्यावर.

मी नेरळला राहते. दस्तुरी नाक्यापर्यंत नवऱ्याने बाईकवर सोडलं. तिथून पुढे माथेरानात खासगी गाडी नेता येत नाही, तेव्हा मामांचा मुलगा घोडा घेऊन थांबला होता. घोड्यावर सामान चढलं: दोन बादल्या, हातपंप, लिक्विड पॅराफिनचा कॅन, मॅगसल्फची, म्हणजे जुलाबाच्या मिठाची, पिशवी आणि नाकातून जठरापर्यंत घालायची नळी. मी चालत निघाले. दिवसभर मुंबईकर वाहिलेल्या घोड्यावर रात्री दहाला घोड्यांच्याच डॉक्टरने बसायचं, हे काही मला जमलं नसतं.

पोचले तेव्हा चांदणी उभी होती. घामाने मान ओली, वरचा ओठ मुडपलेला, पुढच्या पायाने लाल माती खरवडत होती. नाडी छप्पन्न. घोड्याची निवांत असताना अठ्ठावीस ते चव्वेचाळीस असते. साठच्या पुढे गेली की मला घाम फुटतो आणि ऐंशीच्या पुढे गेली की मालकाला बाजूला घेऊन बोलावं लागतं. हिरड्या कोरड्या, चिकट. पोटाला चार ठिकाणी कान लावला. उजवीकडे वरच्या बाजूला मिनिटाला एकदा-दोनदा टाकीतून पाणी सुटल्यासारखा आवाज यायला हवा. तीन मिनिटं थांबले, काही नाही. डावीकडे तर चिडीचूप.

"काही पाजलं का?"

मामांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने जमिनीकडे.

पाव लिटर गोडेतेल, त्यात ओवा, हिंग, काळं मीठ, ठेचलेली सुंठ. घोडीचं तोंड दोरीने फांदीला वर ओढून, कोल्ड्रिंकच्या बाटलीने. आता ओवा-हिंगाशी माझं भांडण नाही. भांडण आहे त्या बाटलीशी. मान वर ताणली की घोड्याला नीट गिळता येत नाही आणि तेल सरळ फुप्फुसात उतरतं. पोटदुखीतून वाचलेला घोडा चार दिवसांनी न्यूमोनियाने गेलेला मी पाहिलाय. मग मालक म्हणतो, डॉक्टरच्या औषधाने गेला. मी मामांना बोलले, आणि जरा जास्तच बोलले. ते ऐकून घेत राहिले. फक्त एवढंच म्हणाले, "तुम्ही येईपर्यंत हात बांधून बसायचं का, ताई?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पोटावरची सगळी बोलणी ज्या एका गोष्टीपाशी येतात ती अशी: घोड्याला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट की आत गेलेलं परत येत नाही. जठरही अंगाच्या मानाने चिमुकलं, मोठ्या घोड्याचंसुद्धा आठ ते पंधरा लिटरचं. खरा कारखाना मागे, मोठ्या आतड्यात. तिथे जंतू चारा आंबवतात आणि त्यावर घोडा जगतो. हे आतडं पोटात दुमडून बसवलेलं असतं. डाव्या बाजूला, कमरेच्या हाडाशी ते एकदम वळतं आणि वळताना अरुंद होतं. कोरडा चारा तुंबतो तो बहुतेक तिथेच.

तिथपर्यंत हात पोचवायचा तर मागूनच. तट्टू जेमतेम पावणेतीनशे किलोचं, आणि आमच्यातले सहा फुटी पुरुष डॉक्टर अशा तट्टाला हात घालायला कचरतात. आतडं फाटलं तर संपलं. माझा हात बारीक आहे. कॉलेजात यावरून मला चिडवायचे, 'हिच्याने म्हशीचं वासरू ओढलं जाईल का' म्हणून. माथेरानात हाच हात कामाला येतो. आधी दुखणं शमवायची सुई शिरेत दिली, भरपूर वंगण लावलं, मुलाने मान धरली. मनगटाच्या पुढे गेले आणि बोटांना ते लागलं: नीट मळलेल्या कणकेचा मोठा गोळा. दाबलं की बोटाचा खड्डा पडतो आणि तसाच राहतो. आतड्याला पीळ पडलेला असता तर ताणलेल्या दोऱ्या लागल्या असत्या आणि घोडीने मला उभं राहू दिलं नसतं. तुंबलेलं होतं, पीळ नव्हता. मला तिथल्या तिथे हसू आलं. पीळ असता तर शस्त्रक्रिया, म्हणजे मुंबई किंवा पुणे, म्हणजे आधी दस्तुरीपर्यंत त्या घोडीने स्वतःच्या पायाने चालायचं आणि नंतर मालकाने कर्जात.

पुढची लढाई नळीची. "सुई द्या ताई, पण नळी नको. नळीनं रक्त येतं, घोडं मरतं." मामा खोटं बोलत नव्हते. कोणीतरी कधीतरी घाईने नळी घुसवलेली असते, नाकातून भळाभळा रक्त वाहिलेलं असतं आणि ते सगळ्या पागेने पाहिलेलं असतं. एकाच्या घाईची किंमत पुढच्या दहा डॉक्टरांनी चुकवायची. म्हणून मी नळी घालताना शेजारी मालकाला उभं करते आणि बोलत बोलत घालते. आधी बाहेरून माप घ्यायचं, नाकपुडीपासून बरगड्यांपर्यंत, आणि नळीवर खूण करायची. नाकपुडीत अंगठ्याने नळी खाली दाबून ठेवायची. वरच्या बाजूला गेली की रक्त ठरलेलं. घशापाशी अडते तिथे ढकलायचं नाही, थांबायचं. घोडा गिळतो, त्या क्षणी पुढे. मग नळीला तोंड लावून ओढून बघायचं. हवा सहज आली तर श्वासनळीत आहे, काढा बाहेर. ओढताना अडलं तर बरोबर. मानेच्या डाव्या बाजूला कातडीखालून नळी सरकताना दिसते. मामांना त्यावर बोट ठेवायला लावलं. "गेली की खाली," ते म्हणाले, आणि तिथून पुढे त्यांनीच बादली धरली.

जठरातून उलट काही आलं नाही. आलं असतं तर एक थेंबही आत घालता आला नसता. मग कोमट पाण्यात पाव किलो मॅगसल्फ आणि दोन तासांनी पॅराफिन. आतड्यात पाणी ओढून आणायचं, गोळा भिजवायचा आणि वरून वंगण द्यायचं. यात जादू काही नाही, न्हाणीघराची तुंबलेली मोरी आपण अशीच सोडवतो.

हाताला लागलेले लिदीचे चार गोळे मी नव्या हातमोज्यात टाकले, पाणी भरलं, हलवलं आणि मोजा खुंटीला टांगला. खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा, बोटं खाली. वीस मिनिटांनी मुलाने त्यावर मोबाईलचा उजेड पाडला. पाचही बोटांची टोकं लाल. माथेरानची माती बोटांच्या पेरापेरांत बसली होती आणि वर गढूळ पाण्यात भाताच्या पेंढ्याचे तुकडे तरंगत होते. मामा बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले.

जमिनीवर टाकलेला चारा खाल्ला की माती पोटात जातेच. मीठ कमी पडलं की घोडी मुद्दाम चाटतेही. ती माती आतड्याच्या तळाशी साचते. त्यात मे महिना, दिवसभर फेऱ्या आणि पाणी कधी तर संध्याकाळी. कोणी पर्यटक चिक्की भरवतो, कोणी वेफर्स, त्यांना वाटतं प्रेम करतोय. नव्वद किलोचा गृहस्थ पावणेतीनशे किलोच्या तट्टावर बसून 'घोडा किती बारीक आहे हो' म्हणतो, तेव्हा मी काय बोलणार.

मग वाट बघणं. दर तासाला नाडी. छप्पन्न, बावन्न, परत छप्पन्न, अठ्ठेचाळीस. तीनच्या सुमाराला उजवीकडे एकदाची टाकी सुटली. मामा म्हणाले, "हिंग लागू पडला."

मी काहीच बोलले नाही. त्यांचे आजे सलोतरी होते, घोड्यांचे वैद्य. हा शब्द शालिहोत्रावरून आला, अश्ववैद्यकाचा मूळपुरुष मानतात ते. आजोबांचा मसाला मामांना पाठ होता: ओवा, बाळंतशेपा, सुंठ, सैंधव, हिंग, हिरडा, गूळ. रोज चंदीत, म्हणजे दाण्याच्या खुराकात, मूठभर. हिरडा तर इथल्याच रानातला. मी मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते की यातल्या कशाचा तोलून-मापून पुरावा घोड्यात आहे? मग स्वतःलाच विचारलं, आणि माझ्या आवडत्या इसबगोलाचं काय? पोटातली माती काढायला आम्ही सगळे तेच लिहून देतो. प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. नुसतं चाऱ्यातून दिलं तर फारसा फरक नाही असंही दिसलंय. रोज नळीतून मॅगसल्फबरोबर दिलं तर जास्त माती बाहेर पडते असंही दिसलंय. गंमत म्हणजे नावात घोडा आहेच. फारसीत अस्प म्हणजे घोडा, आणि बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून ते नाव पडलं म्हणतात. मामांना सांगितलं तर ते खूश झाले. "म्हणजे आमचंच औषध."

पाच चाळीसला चांदणीने शेपटी उचलली. पहिले गोळे बारीक, काळपट, वर तुपासारखा थर. मग पुष्कळ, तेलकट, सैल. पाखरं बोलायला लागली होती. मुलगा ओरडला, "टाकली! लीद टाकली!" शेजारच्या दोन पागांतून माणसं धावत आली. सहा वाजता लिदीभोवती सात माणसं उभी राहून आनंदाने बघतायत, हे दृश्य आमच्या धंद्याबाहेर कुठे मिळणार.

हात धुवायला पागेच्या मागे गेले तर फळीवर डबा दिसला. हिरवं झाकण, घोड्याचं चित्र, 'हर्बल', 'पचनशक्तीसाठी'. ओळखीचा होता. फेब्रुवारीतल्या शिबिरात मीच तो लिहून दिला होता. त्या दिवशी दुपारपर्यंत चाळीस घोडे बघायचे होते, चांदणीला चार मिनिटं मिळाली. अंग रोड, केस निस्तेज, लीद कधी सैल कधी कोरडी. जंताचं औषध दिलं आणि खाली हा डबा लिहिला. जेष्ठमध, आवळा, सुंठ, यीस्ट. वाईट यात काही नाही. यीस्टने चारा पचायला थोडी मदत होते असं म्हणायला आधारही आहे. 'द्यायला हरकत नाही' अशा जातीचं औषध. मालकाला काहीतरी हातात मिळतं, डॉक्टरला पुढचा घोडा.

"संपत आला होता," मामा म्हणाले. "परत आणला. साडेअकराशेला पडतो. म्हणून मार्चपासून गवत बंद केलं, पेंढा चालू केला. तुम्ही म्हणालात ना, पचन सुधारेल. म्हटलं, पेंढा पण पचेल."

भाताचा पेंढा कडक, त्यात पोषण जवळजवळ नाही. पाणी कमी पडलं की तोच कणकेचा गोळा होतो. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झरतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणून दिवसभर थोडं थोडं गवत तोंडात हवं, वजनाच्या निदान दीड-दोन टक्के. हे मला परीक्षेपासून पाठ आहे. फेब्रुवारीत मी यातलं एक अक्षर बोलले नव्हते. 'काय खाऊ घालता' एवढं विचारलं, त्यांनी 'गवत' सांगितलं, मी पुढे सरकले.

डब्याबद्दल मी तेव्हा काही बोलले नाही. थकवा होता म्हणा, किंवा रात्री त्यांच्या बाटलीवर एवढं बोलून झाल्यावर माझ्या डब्यावर बोलायला तोंड नव्हतं म्हणा.

पुढचे तीन दिवस रोज वर गेले. ताप आला नाही, खोकला आला नाही. तेल फुप्फुसात गेलं नव्हतं, नशीब. मीठ सुरू केलं, चाऱ्यासाठी जुना पत्र्याचा हौद आडवा टाकला, दुपारच्या फेऱ्यांमध्ये पाण्याची बादली ठरवली, आणि पेंढ्यातून गवतावर हळूहळू, आठवडाभरात यायचं सांगितलं. नळीतून इसबगोल दिला. शेवटच्या दिवशी मोज्याची दोनच बोटं लाल होती. महिन्यातून चार-पाच दिवस भिजवलेल्या चंदीत मिसळून लगेच भरवायचा, नाहीतर त्याचा चिकट गोळा होतो आणि घोडी तोंड फिरवते, असं सांगून चिठ्ठी लिहायला घेतली.

"ताई, हे इसबगोल केवढ्याला?"

मी सांगितलं.

मामांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे गवताच्या किती भाऱ्यांचं?"

खाली नेरळला भारा काय भावाने मिळतो ते मला माहीत होतं. दस्तुरीपासून वर घोड्याच्या पाठीवर चढवल्यावर तो केवढ्याला पडतो ते माहीत नव्हतं. पेन खिशात ठेवलं आणि विचारलं. त्यांनी सांगितलं. मग आम्ही दोघं हौदाच्या कडेला बसून भागाकार करत राहिलो.