तरीही २,२०,७६१ मतं

मी जपानी शिकवते. पहिल्या बॅचपासून एक वाक्य ऐकत आले आहे : "मॅडम, तिकडे बरं असतं, आरोप झाला की मंत्री कमरेत वाकून माफी मागतो आणि घरी जातो." मग मी काकुएइ तानाकांचं नाव काढते आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. कारण पुढचा प्रश्न ठरलेला : लाच खाल्ल्याबद्दल शिक्षा झालेल्या माजी पंतप्रधानाला लोकांनी पुन्हा निवडून दिलंच कसं?

प्रकरण थोडक्यात असं. लॉकहीड या अमेरिकन कंपनीची विमानं जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजनं घ्यावीत, म्हणून ५० कोटी येन घेतल्याचा आरोप. जुलै १९७६मध्ये अटक. १२ ऑक्टोबर १९८३ला तोक्योच्या कोर्टानं चार वर्षांची कैद आणि ५० कोटी येनांचा दंड ठोठावला. तानाकांनी अपील केलं, जामिनावर सुटले आणि दोनच महिन्यांनी आपल्या निगाता प्रांताच्या तिसऱ्या मतदारसंघातून अपक्ष म्हणून उभे राहिले. मतं पडली २,२०,७६१. आयुष्यात एवढी कधी पडली नव्हती.

या प्रश्नाचं उत्तर सांगते, पण त्यासाठी फेब्रुवारीत तोक्योहून निगाताच्या शिनकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसायला हवं. गुन्मापर्यंत आभाळ निळंशार, शेतं कोरडी, गच्च्यांवर कपडे वाळत घातलेले. मग २२ किलोमीटरचा बोगदा. पलीकडे बाहेर पडलात की घरांच्या वळचणीपर्यंत बर्फ. सायबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून ओल उचलतो, डोंगराला आपटतो आणि सगळं इथेच टाकून कोरडा होऊन तोक्योकडे जातो. निगातातल्या नागाओका शहराचे रस्ते तांबूस दिसले तेव्हा मला वाटलं, जवळपास वीटभट्टी असणार. तसं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध पुरलेल्या पाइपांतून भूजलाचे फवारे उडतात, त्यानं बर्फ वितळतो आणि पाण्यातल्या लोहाचा गंज रस्त्यावर चढतो.

पूर्वी हिवाळा आला की इथले बाप्ये तोक्योला मजुरीला जायचे, मागे बायका, म्हातारे आणि छपरावरचा बर्फ. डोंगरातल्या गावांची वाट महिनोन्‌महिने बंद. या बाजूला म्हणायचेच 'उरा-निहोन', म्हणजे परसदारचा जपान.

अशा ठिकाणी १९४६च्या निवडणुकीत हा पठ्ठ्या तानाका सभेत म्हणाला, डोंगरातली मिकुनीची खिंड फोडून टाकू, वारा थेट तोक्योकडे जाईल, निगातात बर्फ पडायचाच नाही. निघालेली माती समुद्रात लोटून सादो बेट जमिनीला जोडू! तेव्हा पडला. पण पुढच्याच वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी, संसदेत गेला. बाप गुराघोड्यांच्या धंद्यात बुडालेला, नियमित शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी तोक्यो विद्यापीठवाल्यांनी भरलेल्या अर्थखात्याचा मंत्री आणि १९७२मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, पंतप्रधान.

खिंड काही फोडली नाही, पण पेट्रोलवरचा कर रस्त्यांसाठीच राखून ठेवायचा कायदा १९५३मध्ये पुढे रेटणाऱ्यांत ते होते. निगाताची शिनकानसेन १९८२मध्ये धावू लागली, शिक्षेच्या आदल्या वर्षी. त्यांच्या 'एत्सुझानकाई' या समर्थक मंडळाची माणसं बस भरभरून तोक्योला मेजिरोच्या बंगल्यावर जायची. सकाळी गाऱ्हाणी ऐकायची वेळ ठरलेली. कुणाला पूल हवा, कुणाला पोराला नोकरी.

(याच माणसानं १९७२मध्ये पेइचिंगला जाऊन चीनशी संबंध जोडले. मेजवानीत युद्धाबद्दल बोलताना 'मेइवाकु' शब्द वापरला, 'तुम्हाला फार त्रास दिला' अशा अर्थाचा. हा शब्द बाईच्या झग्यावर पाणी उडालं तर वापरतात, असं चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय यांनी सुनावलं. वर्गात मी 'मेइवाकु' शिकवते तेव्हा हे हमखास सांगते.)

म्हणून तानाका निर्दोष होते का? अजिबात नाही. त्यांनी जपानच्या द्वीपसमूहाच्या पुनर्रचनेचा आराखडा मांडला आणि सटोडियांनी देशभर जमिनी उचलल्या, भाव भडकले. १९७३च्या तेलटंचाईनं त्यावर रॉकेल ओतलं. पुढच्या वर्षी त्यांच्या पैशांच्या व्यवहारांवर लेख छापून आले आणि पद गेलं. खटला चालू असताना सत्ताधारी पक्षाबाहेर राहून त्यांनी एकामागून एक पंतप्रधान बसवले, ते मला लाचेपेक्षाही वाईट वाटतं. १९८५मध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हा कुठे पकड सुटली. १९९३मध्ये गेले, तेव्हाही अपील लोंबकळतच होतं.

पण निगाताच्या त्या मतदारानं लॉकहीडबद्दल काही ऐकलं नव्हतं, असं समजू नका. सगळं ऐकलं होतं. त्याच्या हिशेबात एका बाजूला तोक्योतला खटला होता आणि दुसऱ्या बाजूला दारापुढचा रस्ता. हा हिशेब मला पटत नाही, कळतो मात्र. माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्यासारखंच." मी म्हटलं, तू आधी तिथला हिवाळा काढून ये.

निगातातल्या उरासा नावाच्या छोट्याशा स्टेशनवर शिनकानसेन थांबते. बाहेर तानाकांचा पुतळा आहे, एक हात वर केलेला. त्याच्या डोक्यावर छप्पर घातलंय, बर्फ साठू नये म्हणून.