मापाने आवळलेला बोल्ट: आमची वाटचाल

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाशिकच्या द्वारका चौकात गॅरेज टाकलं तेव्हा मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या गाड्यांवरच आमचं पोट होतं. कसारा घाट चढून आलेले ट्रक, मालेगाव-धुळ्याकडे निघालेल्या मेटाडोर, अँबेसिडर, फियाट, जीप, सगळंच यायचं. त्यातही सगळ्यात जास्त काम हेड पॅकिंगचं, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टने बसवलेलं हेड यांच्यामधल्या पॅकिंगचं. घाटात पाणी उकळायचं, ड्रायव्हर तशीच गाडी रेटत नाशिकपर्यंत आणायचा आणि इंजिन उघडलं की दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीत पॅकिंग जळालेलं सापडायचं. अण्णा नवं पॅकिंग टाकायचे, लांब दांडीच्या गोटी पान्याने बोल्ट आवळत आणायचे आणि एका ठरावीक ओढीला थांबायचे. कुठे थांबायचं ते त्यांच्या मनगटाला ठाऊक होतं. त्या हातावर विश्वास ठेवून मुंबईचे गाडीवाले नाशिकपर्यंत थांबायचे.

त्यांचा हात खरा होता, आणि त्या काळची इंजिनंही त्या हाताला साथ देणारी होती. हेड बिडाचं, ब्लॉकही बिडाचा, त्यामुळे तापल्यावर दोन्ही सारखेच फुगायचे. पॅकिंग जाड, दबून आपली जागा घेणारं. बोल्ट दणकट आणि त्यांच्या ताकदीच्या मानाने बरेच कमी ताणलेले. शिवाय गाडी थोडी चालवून आणल्यावर हेड पुन्हा एकदा आवळायची पद्धत होती. पहिल्या खेपेला राहिलेला उणेपणा दुसऱ्या खेपेला भरून निघायचा.

२००२ साली स्कॉर्पिओ आली, ती आमच्या नाशिकच्याच कारखान्यातून. त्याच्या पुढेमागे ॲल्युमिनियम हेडच्या गाड्यांची संख्या वाढत गेली आणि मग कॉमन रेल डिझेल आलं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे बिडाच्या ब्लॉकवर बसवलेलं ॲल्युमिनियमचं हेड प्रत्येक वेळी गाडी तापली की पॅकिंगवर किंचित घासत सरकतं आणि बोल्टला आणखी ताणतं. पॅकिंगही बदललं. पातळ पोलादी पत्र्यांचे थर असलेलं नवं पॅकिंग जुन्यासारखं दबून सांभाळून घेत नाही. सगळीकडे सारखा दाब मिळाला तरच ते धरतं.

त्या काळात मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सातपूरला सुट्या भागांच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर होते. नाशिककरांना सांगायला नको, पण सातपूर-अंबड पट्ट्यात मापाची शिस्त वेगळीच आहे. मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, डिझेलचे नोझल बनायचे, तिथून निवृत्त झालेला माणूस घरचा नळ बसवतानासुद्धा मायक्रॉनच्या गोष्टी करतो. आमच्या लाइनवर महत्त्वाचा प्रत्येक बोल्ट ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे फिरवण्याच्या ठरलेल्या जोराला, आवळला जायचा आणि त्यावर रंगाची एक रेघ ओढली जायची. रेघ नसेल तर तो भाग पुढे जात नसे. संध्याकाळी द्वारकेला यायचे तर तसंच इंजिन, तसेच बोल्ट, आणि ते आवळायला पाना आणि अंदाज. इंजिन कारखान्यात पहिल्यांदा बसताना जे माप लागतं, तेच दुसऱ्यांदा बसताना का लागू नये, हा प्रश्न मी अण्णांना विचारला. अण्णा म्हणाले, "मग तूच ये आणि बसवून दाखव." नोकरी सोडून मी गॅरेजमध्ये आले ती त्या वाक्यावर.

पहिली खरेदी केली ती अर्धा इंची ड्राइव्हच्या क्लिक टॉर्क पान्याची: लावलेला टॉर्क आला की टिक्‌ करणारा, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा (न्यूटन-मीटर हे टॉर्कचं माप). टॉर्क पाना हे हत्यार मुळात मोटारीसाठी जन्मलेलं नाही, ही गोष्ट मला फार आवडते. १९१८ साली न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनरॅड बार यांनी ते बनवलं. जमिनीखालच्या मोठ्या नळांचे बोल्ट माणसं ताकदीने आवळून तोडत होती, ते थांबवण्यासाठी.

आमच्या फोरमनकाकांना मात्र तो पाना पटला नाही. अण्णांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, शेकडो इंजिनं बांधलेली. ते म्हणाले, "ताई, हा पाना टिक्‌ म्हणतो म्हणून मी थांबायचं?" त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा आम्ही व्हाइसमध्ये एक जाड पोलादी ठोकळा धरला, त्यातून लांब एम-१० (१० मिलिमीटर जाडीचा) बोल्ट आरपार घालून नट लावला आणि सगळ्या कारागिरांना तो आपापल्या हाताने, ५० न्यूटन-मीटर वाटेल इतका आवळायला सांगितला. मग काट्याच्या पान्याने, म्हणजे टॉर्क काट्यावर दाखवणाऱ्या पान्याने, पाहिलं. तरुण पोरांचे आकडे इकडेतिकडे पसरलेले, दुपारनंतर थकल्यावर आणखीच. काकांचा हात मात्र जवळजवळ बरोबर ५० वर. मला आनंद झाला, कारण त्यांच्या हातात काय आहे ते सगळ्यांनी पाहिलं. आणि मग काकांनीच विचारलं, "आट्यांना तेल लावलं तर?"

आमच्या वर्कशॉपची पुढची सगळी पद्धत त्या प्रश्नातून उभी राहिली. बोल्टचं काम दोन भाग दाबून धरण्याचं. ते तो स्वतः स्प्रिंगसारखा ताणला जाऊन करतो. पाना मात्र ताण मोजत नाही, फिरवायला किती जोर लागला ते मोजतो. त्या जोरातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांत घासण्यात, आणि उरलेल्या दहा टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. म्हणजे घासण थोडी बदलली की ताण खूप बदलतो. कोरड्या आट्यांचा एम-१० बोल्ट ५० न्यूटन-मीटरला आवळला तर अंदाजे अडीच टनांची पकड मिळते. तेल लावून त्याच आकड्याला आवळला तर तीच पकड साडेतीन टनांच्या जवळ जाते. गंज किंवा जुनं सीलंट आट्यांत असेल तर उलट होतं. पाना वेळेवर टिक्‌ करतो आणि बोल्ट खाली सैलच राहतो.

काकांना मी मायक्रोमीटरने बोल्टची लांबी मोजून दाखवली. शंभर मिलिमीटरचा बोल्ट कोरडा आवळला तेव्हा दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास लांबला, तेल लावून आवळला तेव्हा तीन दशांशाकडे गेला. पान्यावरचा आकडा दोन्ही वेळी तोच. काका बराच वेळ मायक्रोमीटरकडे पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून आटे साफ करायचं काम त्यांनी पोरांकडून काढून स्वतःकडे घेतलं.

आजही आमच्याकडे हेडचं काम आलं की निम्मा वेळ आवळण्याच्या आधीच जातो. खोलताना बोल्ट बाहेरून आतल्या दिशेने, थोडे थोडे सैल करत, इंजिन पूर्ण थंड असताना. नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग ब्लॉकमधल्या प्रत्येक भोकात आटे साफ करायचा टॅप फिरवायचा, हवा मारायची, आत टॉर्च टाकून पाहायचं. कारण ही भोकं बहुतेक वेळा खालून बंद असतात. तळाशी पाणी किंवा तेल साचलेलं असेल आणि वरून बोल्ट आला तर द्रव दबत नाही, बीड फुटतं. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराचा पिकअप ऐन हंगामात आमच्याकडे आला होता. दुसरीकडे हेड बसवून झालेलं, तरी पाणी जातच होतं. उघडलं तर एका भोकाशेजारी ब्लॉकला केसाएवढी चीर. माल पॅकहाउसला पोहोचवायचा होता, त्या माणसाचा चेहरा मला विसरता येत नाही. ब्लॉक बदलावा लागला. एका फडक्याने आणि हवेच्या एका झोताने ते वाचलं असतं.

आवळताना उलटं: मधल्या बोल्टपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, म्हणजे पॅकिंग मधून बाहेर सपाट होत जातं. एकदम शेवटच्या आकड्याला जायचं नाही, टप्प्याटप्प्याने. आट्यांना तेल लावायचं की नाही, डोक्याखाली लावायचं की नाही, हे कंपनीचं पुस्तक सांगेल तेच. पुष्कळ नव्या इंजिनांत शेवटचा टप्पा टॉर्कचा नसतोच, कोनाचा असतो. आधी ठरलेल्या टॉर्कला आणायचं, मग ९० अंश, आणि काही इंजिनांत पुन्हा ९० अंश. घासणीचा घोळ टाळण्यासाठी ही युक्ती आहे: आट्यांचं अंतर ठरलेलं असल्यामुळे पाव फेरा दिला की बोल्ट किती लांबणार ते जवळजवळ पक्कं असतं. असे बोल्ट मुद्दाम त्यांच्या लवचिकतेच्या सीमेपलीकडे ताणलेले असतात, म्हणून खोलल्यावर ते पुन्हा वापरायचे नाहीत.

यावरून गिऱ्हाइकांशी वाद खूप झाले. "बोल्ट तर चांगला दिसतोय, नवा सेट कशाला?" आम्ही नवा आणि जुना बोल्ट काचेवर शेजारी उभे करून दाखवतो. लांबीतला फरक बऱ्याचदा डोळ्यांना दिसतो. तरीही नको म्हणणारे असतात, त्यांचं काम आम्ही नम्रपणे नाकारतो. सुरुवातीच्या वर्षांत त्यामुळे ओळखीची माणसं दुरावली, पगाराला ओढाताण झाली. अण्णा तेव्हा हिशेबाला बसायचे आणि एकदाही म्हणाले नाहीत की जुने बोल्ट घालून दे.

ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट आणि चाकांचे नट ही कामं किरकोळ समजली जातात. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे करकचून आवळल्यामुळे गेलेल्या गाड्या आमच्याकडे सतत येतात. तिथे हेलिकॉइल (आट्यांच्या आकाराची तारेची गुंडाळी) घालून आटे नवे करता येतात, पण ती वेळ यायलाच नको. चाकाचे नट आम्ही हवेच्या गनने फक्त टेकवतो, समोरासमोरच्या क्रमाने पान्याने पुरे करतो आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तपासायला बोलावतो. बोलावल्यावर येणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते.

पाना स्वतःही मापात आहे का, हे आम्हाला ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं. विमानाच्या कामातल्या हत्यारावर पुढच्या तपासणीची तारीख चिकटवलेली असते, तुमच्या पान्यावर कुठे आहे, असं ते म्हणाले. तेव्हापासून आमचे पाने वर्षाला एकदा, आणि जास्त वापराचे पाच हजार वेळा आवळून झाले की त्याआधीच, कॅलिब्रेशनच्या लॅबमध्ये जातात. वेगळा छोटा पाना घेतला, कारण मोठ्या पान्याच्या तळाच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. एक तक्ता भिंतीवर लावला: जुन्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर, काहींत फूट-पाउंड, नव्यांत न्यूटन-मीटर. ५० फूट-पाउंड म्हणजे ६८ न्यूटन-मीटर. इथे गोंधळ झाला तर बोल्ट एकतर सैल राहतो नाहीतर तुटतो.

द्वारकेची जागा अपुरी पडायला लागल्यावर आम्ही पाथर्डी फाट्याजवळ आलो. आता निम्मं काम इंजिनांचं. निफाड-पिंपळगावकडचे ट्रॅक्टर द्राक्षांच्या छाटणीच्या आधी येतात, कारण एकदा फवारणी सुरू झाली की शेतकऱ्याला एक दिवसही ट्रॅक्टर उभा ठेवता येत नाही. प्रत्येक इंजिनासोबत कागद जातो: कोणता बोल्ट, किती टॉर्क, किती कोन, कोणी आवळला, कोणी तपासला. आवळणारा पिवळी खूण करतो, तपासणारा पांढरी. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टवर दोन्ही खुणा दिसल्याशिवाय चेंबर बंद होत नाही. हा नियम काकांनी केला आणि माझ्यासकट सगळ्यांना लागू आहे.

अलीकडे इलेक्ट्रिक गाड्यांची कामं शिकायला सुरुवात केली आहे. तिथेही बॅटरीच्या जाड तांब्याच्या पट्ट्या बोल्टनेच जोडलेल्या असतात. जोड सैल राहिला तर तिथे विजेला होणारा विरोध वाढतो आणि जोड तापतो. म्हणून आयटीआयमधून येणाऱ्या पोरांना आधी पाना धरायला शिकवतो: मुठीच्या मध्यावर हात, झटका नाही, सावकाश ओढ, एक टिक्‌ झाली की थांबायचं, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढायचं नाही, आणि या पान्याने कधीही बोल्ट खोलायचा नाही. व्हाइसमधला तो ठोकळा अजून आहे, पहिला आठवडा त्यावरच जातो.

काट्याच्या पान्याच्या जागी आता तपासणीचं डिजिटल यंत्र आहे. दर शनिवारी दुपारी ते आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांसाठी मोकळं ठेवतो. आपला टॉर्क पाना घेऊन या, किती मागे-पुढे आहे ते लगेच कळेल, त्याचे पैसे घेत नाही. पाना ठेवताना आणि आणताना त्याचं सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याहून सैल नको. वर्षभर वरच्या आकड्यावर पडून राहिलेल्या पान्याची स्प्रिंग थकलेली असते आणि असे पाने आमच्या टेबलावर दर शनिवारी एखाद-दुसरा तरी निघतोच.