हार्ट अटॅक नव्हता, किडनीवरची गाठ होती

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतून घरी आले आणि त्याच रात्री दम लागला. आडवं होता येईना, खोकल्याबरोबर गुलाबी फेस यायला लागला. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. ईसीजी हार्ट अटॅकसारखा, हृदयाचं पंपिंग 30 टक्के. पण अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नाही! माझं वय तेव्हा 41.

त्याआधी दोन वर्षं झटके यायचे. डोकं ठणकायचं, छाती धडधडायची, घामानं ब्लाउज भिजायचा आणि अर्ध्या तासात सगळं शांत. एका दवाखान्यात 'टेन्शन घेता' म्हणून धडधडीची गोळी दिली, तिनं बीपी उलट चढलं. झटका चालू असताना बीपी कुणी मोजलंच नाही, याचा राग अजून आहे.

आयसीयूत एका डॉक्टरांनी विचारलं, "ताई, डोकेदुखी, घाम आणि धडधड एकदमच येतं का?" माझं दुखणं पहिल्यांदा कुणीतरी नीट ऐकून घेत होतं.

मग 24 तासांच्या लघवीची तपासणी. पहाटेची पहिली टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या पहाटेच्या पहिलीपर्यंत सगळी कॅनमध्ये. ह्यांनी कॅनवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली. मेटानेफ्रिन, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन शरीरात मोडून बनणारं रसायन, कितीतरी पट जास्त निघालं, सीटीत उजव्या किडनीवरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथीत गाठ दिसली. नाव फिओक्रोमोसायटोमा. ती अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात ओतत होती. त्या माऱ्यानं हृदयाचा स्नायू लुळा पडला होता. त्याला टाकोत्सुबो म्हणतात.

मला वाटलं, लगेच कापून टाकतील. नाही. पंपिंग 55 वर आल्यावरही दोन आठवडे प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, रोज थोडी वाढवत. आधी रक्तवाहिन्या सैल करायच्या, धडधडीची गोळी त्यानंतरच, नाहीतर वाहिन्या आणखी आवळतात. माझं आधी नेमकं उलटं झालं होतं. पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, म्हणून दोन मिनिटं कडेला बसून राहायचे. मग डॉक्टरांनी पाणी आणि मीठ वाढवायला सांगितलं. दोन वर्षं अळणी जेवणाऱ्या माझ्या ताटात सासूबाईंनी स्वतःच्या हातानं शेंगाचटणी वाढली, तेव्हा दोघींनाही रडू आलं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. गाठ निघताच बीपी एकदम खाली येतं, साखरही उतरू शकते, म्हणून रात्रभर आयसीयूत दर तासाला बोटाला सुई टोचत होते.

ही गाठ काहींना आनुवंशिक असते, त्यामुळे माझी जनुक तपासणीही केली. दर वर्षी लघवीची तपासणी आहेच. यंदाचा कॅन काल आला. चिकटपट्टी ह्यांनी आधीच लावून ठेवलीय.