रिंगा दोनदा बदलल्या, बोर एकदाच मोजला

दोन सायलेन्सरची गाडी गल्लीत शिरली की आमच्या फैजपुरात ओट्यावर बसलेली म्हातारी माणसंही मान वळवतात. तेवढ्या आवाजापायी मी १९८४ची येझदी मोटारसायकल घेतली. तिचा म्हैसूरचा कारखाना १९९६लाच बंद पडलेला, त्यामुळे सामान शोधणं हा वेगळाच उद्योग. पण दांडा आत दाबून वर फिरवला की किक आणि खाली आणला की तोच गिअर, ही गंमत दुसऱ्या गाडीत कुठून आणणार?

पहिल्या उन्हाळ्यातच लक्षणं दिसायला लागली. किक मारताना पायाला दाबच लागेना. गार इंजिन खडखडायचं, आणि पालच्या रस्त्याला सातपुड्याचा चढ लागला की गाडी दुसऱ्या गिअरवर यायची. एका गॅरेजवाल्याने हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण काढलं, ‘रिंगा गेल्या’ म्हणाला, नव्या टाकल्या. रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची, दाब गळू न देणारी कडी. महिना-दीड महिना बरं चाललं, मग पुन्हा तेच. पुन्हा रिंगा टाकल्या. या वेळी तिसऱ्याच आठवड्यात वरची रिंग तुटली आणि तिच्या तुकड्याने बोरवर, म्हणजे पिस्टन ज्या गोल पोकळीत वर-खाली होतो तिच्या भिंतीवर, उभी चरी ओढली.

बोर असलेला तो ब्लॉक पिशवीत घालून मी सावद्याच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेला. त्यांनी आधी आतल्या वरच्या काठावरून नख फिरवलं, मग माझं बोट धरून तिथं लावलं. नखाला स्पष्ट पायरी लागत होती. ‘रिंगा कायले बदलत बसला भो? आधी मोजायचं ना!’

मोजायला त्यांनी कसलं महागडं यंत्र काढलं नाही. नवी रिंग बोरमध्ये घातली, पिस्टनने ढकलून सरळ केली आणि अगदी खाली, जिथं रिंगा कधी पोचत नाहीत, तिथं तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवला. ०.३० मिलिमीटर. मग तीच रिंग वर, पायरीच्या जरा खाली. तिथं ०.९५. फरक ०.६५, त्याला ३.१४ने भागायचं. म्हणजे वरच्या बाजूला बोर जवळपास ०.२१ मिलिमीटरने रुंदावलेला. शाळेत शिकलेला परीघ आणि व्यास मला त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला.

झीज वरच का, हेही त्यांनीच सांगितलं. स्फोटाचा दाब रिंगांना भिंतीवर सगळ्यात जोरात तिथं रेटतो, पिस्टन तिथं क्षणभर थांबून उलटा फिरतो आणि तेलाचा थर तिथंच सगळ्यात पातळ असतो. रिंग जिथून परत फिरते त्याच्या वर भिंत झिजतच नाही, म्हणून पायरी राहते. जुनी रिंग त्या पायरीबरोबर घासून गोल झालेली असते. नवी रिंग कोरी, कडेला टोकदार. ती पायरीवर आपटते. माझी तिथंच तुटली होती. झीज एवढी झाली कशी, त्याचं उत्तर एअर फिल्टरपासून कार्ब्युरेटरला जाणाऱ्या रबरी नळीत होतं. ती चिरलेली होती. केळीच्या ट्रकांमागून जाताना काळ्या मातीचा जो धुरळा उडतो, तो वर्षानुवर्षं थेट इंजिनात जात होता.

येझदीचा मूळ बोर ६५ मिलिमीटरचा. माझ्या पिस्टनच्या माथ्यावर १.०० कोरलेलं निघालं, म्हणजे आधीच्या मालकाने तो ६६पर्यंत नेलेला. त्यापुढचा पिस्टन मिळेना. मग उरला लायनर, म्हणजे बोर पुन्हा लहान करायला आत बसवायची नवी नळी, तोही जळगावला, अजिंठा चौफुलीकडच्या एका लेथवर.

लेथवाल्या दादांची पहिली अट: पिस्टन आणल्याशिवाय बोर मारणार नाही. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या भिंतीपेक्षा जवळपास दुप्पट फुगतो, म्हणून मध्ये किती जागा ठेवायची ते पिस्टन हातात घेऊनच ठरतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत चालवणार आहे, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी ब्लॉकला बोरगेज लावला, तर पुढे-मागे माप जास्त आणि आडवं कमी. कनेक्टिंग रॉड पिस्टनला त्याच दोन भिंतींवर दाबतो, म्हणून बोर अंडाकृती होतो.

बोर मोठा करून, ब्लॉक तापवून लायनर आत सोडला. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाची खरी कटकट पुढे असते. लायनरमध्ये पोर्टच्या, म्हणजे वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या कापाव्या लागतात आणि त्या ब्लॉकच्या खिडक्यांशी तंतोतंत जुळाव्या लागतात. टॉर्च लावून पाहिलं तर डाव्या एक्झॉस्टच्या खिडकीत मिलिमीटरभर ओठ पुढे आलेला. दादा जरा कुरकुरले, पण घासून दिला. खिडक्यांच्या कडा बारीक कानशीने गोल करून घेतल्या, नाहीतर रिंग तिथं अडकते. शेवटी होनिंग, म्हणजे आतली भिंत बारीक घासणं. आतून तिरप्या रेघांची जाळी दिसते, तेल त्याच रेघांमध्ये टिकतं.

घरी आल्यावर ब्लॉक पेट्रोलने पुसून मोकळा होणार होतो. काका फोनवर ओरडले. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. होनिंगची बारीक पूड रेघांत रुतून बसते, ती पेट्रोलने निघत नाही. बायकोच्या नजरेआड मोरीत तासभर घासलं. पांढरं फडकं फिरवायचं, काळं आलं की पुन्हा धुवायचं. पाचव्यांदा फडकं पांढरं राहिलं. लगेच तेल लावलं, कारण उघडं बीड डोळ्यांदेखत गंज धरतं.

पहिले ५०० किलोमीटर पेट्रोलच्या लिटरला ५० मिलि तेल, वेग चाळिशीच्या आत आणि एकाच थ्रॉटलवर फार वेळ नाही. सावदा, रावेर, परत. शेवभाजी खाल्ली, इंजिन गार होऊ दिलं, निघालो. आता सातशे झालेत. गेल्या रविवारी गार इंजिनावर हेडचे नट पुन्हा आवळले, एकच थोडा फिरला. प्लग काढून पाहिला, चहाच्या रंगाचा, म्हणजे जळण ठीक. रबरी नळी नवीन आहे, तरी धुळीच्या रस्त्याला जाऊन आलो की बोट फिरवून पाहतोच.